आधी कुठला वास, मागून कुठला

१ मार्च

प्रिय खारू,

सोबत वसंताची पुरचुंडी पाठवते आहे. तुझ्या कर्क राशीला या खेपेस गुलाब, मरवा आणि थोडी लिंबाची पानं काढली आहेत. पद्धत तुला पाठ आहे, तरी परत लिहिते. लहानपणी भाजलेल्या बिया उशीच्या खोळीत लपवून विसरून जायचीस, तशी ही पुडीही कुठल्यातरी कप्प्यात जाईल. खारू हे नाव तुला उगाच पडलेलं नाही.

तर, सात दिवस. सकाळी कामाला बसायच्या आधी कोमट पाण्यात एक मूठ टाकायची, दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि त्या पाण्यानं अंघोळ करायची. संध्याकाळी बाटलीतलं तेल टाळूवर आणि कानांमागे लावायचं, बोटांनी, सावकाश. उरलेली पुडी उशीखाली. ऋतू बदलताना अंग आणि मन दोन्ही बिथरतात, त्यांना सात दिवस गोंजारावं लागतं. आठव्या दिवशी मला बाबांच्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. आधी कुठला वास आला, मागून कुठला. कागदावर लिहायचं, फोनवर नाही. फोनवर तू "छान आहे गं" म्हणतेस आणि विषय बदलतेस.

तुझं उत्तर नुसतं कौतुकासाठी नसतं, हे लक्षात असू दे. आपल्या घरात बाबांचं नाक फक्त तुला मिळालं. मला त्यांची अर्क काढायची भांडी मिळाली आणि पत्रिकांचं बाड मिळालं. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण मी तुझ्या उत्तरावरून ठरवते. तू नाक मुरडलंस की मी गुलाब कमी करते. गेली दोनेक वर्षं तू नाक मुरडलेलं नाहीस, तेव्हा माझा हात बसला असं समजायला हरकत नाही.

इथे कामाचा डोंगर आहे. मागच्या खोलीत तांब्याचं भांडं दिवसभर शेगडीवर असतं. अर्क काढून झाला की उरलेल्या फुलांचा चोथा गच्चीवर वाळवते आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून खोक्यांत भरते. दिसायला थेट फुलंच, वास मात्र शून्य. राशींच्या चिठ्ठ्या आता छापून घेतल्या आहेत, बाराही. हातानं लिहून बोटं मोडायची वेळ आली होती. तुला मात्र मी हातानंच लिहिते. बहीण आहेस, गिऱ्हाईक नाहीस.

आमच्या लिफ्टवाल्या जावयांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

पुरचुंडी पोचली आणि सात दिवस नेमानं केलं. कुठल्याही कप्प्यात गेली नाही. आधी गुलाबाचा वास आला, पहाटे दार उघडल्यावर येतो तसा, आणि मागून मरव्याचा, जरा रेंगाळून. खोलीभर दरवळ होता. झालं समाधान?

तेल लावताना तुझी आठवण येते. आपण लपाछपी खेळायचो तेव्हा तू कधी जिंकली नाहीस. कपाटामागे लप नाहीतर पलंगाखाली, मी डोळे मिटूनच तुझ्यापाशी यायचे. बाबांच्या भांड्यांजवळ बसून बसून तुझ्या केसांना गुलाबाचा वास लागलेला असायचा. तू रडायचीस आणि म्हणायचीस की ही लबाडी आहे. मोठी बहीण असून रडायचीस, हे मी अजून तुझ्या जावयांना सांगितलेलं नाही.

माझं काम चालू आहे. पुढच्या खोलीत कपड्यांची रास आहे. कुणाला बाही आखूड करून हवी असते, कुणाला कंबर सैल. परवा एका बाईंच्या काळ्या कोटाला मी गडद निळ्या दोऱ्यानं अस्तर शिवून दिलं. त्यांनी खिडकीपाशी नेऊन दाखवलं तेव्हा कळलं. सगळं उसवून पुन्हा शिवलं. सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा लागतं आणि सकाळी उठल्यावर कपाळ जड असतं. वय झालं म्हणायचं, दुसरं काय.

सहज विचारते, वेळ झाला तर माझी पत्रिका एकदा बघशील? या वर्षी डोक्याचं किंवा डोळ्यांचं काही दिसतं का? सहज हं. घाई नाही.

तुझी,
खारू


२२ मार्च

प्रिय खारू,

पत्रिका समोर ठेवूनच लिहिते आहे. काळजीचं काही नाही. तुझं चंद्रबळ चांगलं आहे, गुरूची दृष्टी आहे, वर्षभर प्रकृतीस कसलीही बाधा नाही. मन प्रसन्न राहील. कामाचा ताण तेवढा हलका कर आणि संध्याकाळी सुगंधाच्या सोबतीनं थोडा वेळ स्वतःसाठी काढ. वर्ष सोन्यासारखं जाईल.

कपाळ जड असतं ते मान वाकवून शिवल्यामुळे. चष्म्याचा नंबर बदलून घे आणि निळ्या-काळ्या दोऱ्यांची रिळं वेगळ्या डब्यांत ठेव. डोक्यात नसते किडे वळवळू देऊ नकोस.

मी घाईत आहे. आज चाळीस पुरचुंड्या रवाना करायच्या आहेत.

तुझी,
ताई


१५ जून

प्रिय ताई,

उन्हाळ्याची पुरचुंडी मिळाली. नावं तू पुडीवर लिहिली होतीसच. आधी जाईचा वास आला, पहाटे दार उघडल्यावर येतो तसा, आणि मागून गवती चहाचा, जरा रेंगाळून. खोलीभर दरवळ होता. हे सुद्धा खूश झाले.

अक्षराच्या ओळी उतरत चालल्या आहेत, त्याकडे कानाडोळा कर. टेबल डुगडुगतं आहे. बारीक काम मी हल्ली घेत नाही, नुसत्या चादरी आणि पडदे घेते. सरळ शिवण, डोळ्यांना त्रास नाही. हे माझ्या मागे लागले होते की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, दिवसही ठरवला होता. मी म्हटलं, ताईनं पत्रिका बघितली आहे, काही नाही म्हणाली आहे, कशाला उगाच? तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ठरलेला दिवस मग मोडला. तुझ्यापुढे यांचं काही चालत नाही.

खरं सांगायचं तर त्या पत्रानं मला फार बरं वाटलं. मी ते शिवणयंत्राच्या खणात ठेवलं आहे. कपाळ ठणकायला लागलं की काढून वाचते. वर्ष सोन्यासारखं जाईल, असं तुझ्या हातानं लिहिलेलं आहे.

तुझी,
खारू


२९ जून

खारू,

मी हे पत्र चार दिवस लिहायचं टाळलं. राग शांत होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. गच्चीवर वाळत घातलेल्या चोथ्याची एक परात मी चुकून पुड्या भरायच्या टेबलावर आणून ठेवली. एका दुपारच्या पुड्या तिच्यातून भरल्या गेल्या. सहा पुड्या होत्या. त्यातल्या पाच जणींची आठवड्याच्या आत तक्रार आली. एकीनं लिहिलं की हे झाडलोट केलेलं गवत आहे का. मी पाचही जणींना नवी पुडी पाठवली आणि नाक मुठीत धरून माफी मागितली.

सहावी पुडी तुझी होती. त्यात जाई नव्हती आणि गवती चहाही नव्हता, फक्त त्यांची वरून लिहिलेली नावं होती. बाटलीतलं तेलही साधंच गेलं होतं, कारण अर्क घालायचाच राहिला होता. आणि तुझ्या खोलीभर दरवळ होता!

मग मी तुझ्या उत्तरांची फाइल काढली. शेवटची दहा उत्तरं एकापुढे एक मांडली. पहाटे दार उघडल्यावर येतो तसा, जरा रेंगाळून, खोलीभर दरवळ. दहाच्या दहा. फक्त फुलांची नावं बदललीस. म्हणजे अडीच वर्षं तू माझ्या पुड्या उघडतही नाहीस. पुडीवरची नावं वाचायची, जुनं वाक्य उतरवायचं आणि टपालात टाकायचं. आणि मी खुळी, त्या वाक्यांवर विश्वास ठेवून साऱ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण ठरवत बसले.

तुला हे सगळं थोतांड वाटत असेल तर तसं तोंडावर सांगायचं होतंस. मी रडले असते, आणि मग दोघी जेवायला बसलो असतो. पण बाबांच्या दोन प्रश्नांची तू टिंगल केलीस, ती सुद्धा माझ्या नाकावर टिच्चून, दर तीन महिन्यांनी.

यापुढे पुरचुंडी येणार नाही. फोनही करू नकोस, मी उचलणार नाही.

ताई


१० जुलै

प्रिय ताई,

वाक्यं उतरवली, हे खरं आहे. टिंगल केली नाही. पुड्या उघडत होते, प्रत्येक. सातही दिवस करत होते. याच्यापुढे मला लिहिता येत नाही, विचारू नकोस.

तू फोन उचलत नाहीस, ते तुझं बरोबर आहे. पण माझं नाक बाबांचं आहे असं तू दर पत्रात लिहायचीस. त्याला मी काय उत्तर द्यायचं होतं?

माफ कर.

खारू


१८ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

मी कधी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल माफ करावी. तुमचा फोन लागत नाही म्हणून कागद घेतला. तुमच्या दोघींत काय झालं ते मला नीट माहीत नाही. ही सांगत नाही.

गेल्या महिन्याच्या २७ तारखेला माझं दुपारचं काम एका इमारतीत रद्द झालं, म्हणून मी एक वाजता घरी आलो. जिन्यातच गॅसचा वास आला. दार उघडलं तर घर भरलेलं. चुलीवर पाणी उतू जाऊन आच विझली होती आणि बटण चालूच होतं. ही तिथून चार पावलांवर यंत्रावर पडदा शिवत बसली होती. मला बघून म्हणाली, आज लवकर कसे? शिवणयंत्र पायाचं आहे म्हणून वाचलो. विजेचं असतं तर ठिणगीला वेळ लागत नाही, माझ्या कामात ते पहिलं शिकवतात. मी दिव्याला हात लावला नाही, तिला उचलून खाली नेलं. ती विचारत राहिली की झालं काय.

खाली पायरीवर बसून तिनं सांगितलं की वास येत नाही. कधीपासून ते विचारलं तर रडली.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. कपाळाच्या हाडामागे, नाकाच्या मुळाशी गाठ आहे, लिंबाएवढी. हळू वाढणारी आहे. तिनं आधी वासाच्या नसा दाबल्या, आता डोळ्यांच्या दाबते आहे. उजव्या डोळ्यानं हिला जवळजवळ दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं, ताई. मी त्याच घरात राहतो. लिफ्टची दोरी तुटायच्या आधी आवाज बदलते, तो मला तिसऱ्या मजल्यावरून कळतो, आणि हे कळलं नाही.

ऑपरेशन ६ ऑक्टोबरला आहे. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, वास नेमका कधी गेला. त्यावरून गाठ किती वेगानं वाढली ते त्यांना समजतं. हिला सांगता येत नाही, हळूहळू गेला म्हणते. मग काल म्हणाली, ताईला विचारा, तिच्याकडे फाइल आहे.

आणखी एक निरोप आहे. ताईला येऊ देऊ नका, असं ती म्हणते. मी कारण विचारलं. म्हणाली, "ती खोलीत येऊन उभी राहील आणि मला कळणार नाही." मला याचा अर्थ लागला नाही. जसं म्हणाली तसं लिहिलं आहे.

आपला,
(लिफ्टवाला)


२२ सप्टेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र काल आलं आणि मी लगेच फाइल काढली. हे पत्र लगेच टपालात टाकते आहे. डॉक्टरांना पुढचं वाचून दाखवा.

पावणेतीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये, ११ तारखेच्या पत्रात तिनं लिहिलं होतं: "आधी जळकट वास आला, मागून मरव्याचा. ताई, भांड्याचं बूड लागलंय तुझ्या, आणि ते झाकायला तू निलगिरी घातली आहेस." बूड खरंच लागलं होतं. निलगिरीही घातली होती. ते फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी तिला सगळा वास येत होता.

त्याच्या आधीच्या वर्षभरातल्या पत्रांतही तक्रारी आहेत. गुलाब शिळा आहे, तेल खवट आहे, मरवा आधी यायला हवा तर मागून येतो. पुढच्या मार्चमध्ये, ९ तारखेला लिहिलं आहे की वास जरा लांबून येतो, सर्दी असेल. त्याच पत्रात पहिल्यांदा तक्रार नाही. त्या पत्राच्या शेवटी "पहाटे दार उघडल्यावर येतो तसा" आहे. जूनपासून सर्दीचा उल्लेख नाही आणि तक्रारही नाही. तेव्हापासून एकही नाही.

दहा उत्तरं मी स्वतः टेबलावर ओळीनं मांडली होती, जूनमध्ये. खऱ्या नाकाला काहीतरी खुपतंच, हे मला बाबांनी शिकवलं होतं. दहाही पत्रांत तिला काही खुपलं नाही, आणि मी त्याचा अर्थ काय लावला ते तिला माहीत आहे.

सोबतचा दुसरा कागद तिच्यासाठी आहे. तिला स्वतःला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. तुमच्यापासून लपवायचं त्यात काही नाही, आणि तुम्हालाही ते कळलं पाहिजे.

ताई


(दुसरा कागद)

खारू,

मी तुला वाट्टेल ते लिहिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, दुसरं काही दिसत नव्हतं. जुलैमध्ये तू लिहिलंस की पुड्या उघडत होते, सातही दिवस करत होते. ते मी वाचलं आणि फाइलीत ठेवून दिलं. वास येत नसताना नऊ ऋतू माझ्या पाण्यानं अंघोळ केलीस आणि मला बरं वाटावं म्हणून उत्तरं लिहिलीस. मला याची लाज वाटते.

पण मला सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

मार्चमध्ये तू पत्रिका बघायला सांगितलीस. मी लिहिलं की पत्रिका समोर ठेवूनच लिहिते आहे. ती समोर नव्हती. ती कपाटात वरच्या खणात बाडाच्या तळाशी होती आणि तिथवर पोचायला स्टूल लागतं. मला चाळीस पुरचुंड्या रवाना करायच्या होत्या. टेबलावर कर्क राशीची छापील चिठ्ठी पडली होती, तीच तुला उतरवून दिली. चंद्रबळ, गुरूची दृष्टी, प्रकृतीस बाधा नाही, सगळं त्या चिठ्ठीतलं आहे. वर्ष सोन्यासारखं जाईल, हेही. ती चिठ्ठी मीच एका बैठकीत लिहिली होती, बाराही राशींची. सिंह राशीचंही वर्ष सोन्यासारखंच जाणार होतं. कर्क राशीच्या नऊ गिऱ्हाइकांना तीच चिठ्ठी गेली, दहावी तू.

जुनी वाक्यं उतरवलीस म्हणून मी तुझं नाव टाकलं. मीही तुला उतरवूनच दिलं होतं. तू भीतीनं दिलंस आणि मी कंटाळ्यानं. आणि तू माझं पत्र खणात ठेवून वाचत होतीस, ते वाचून डॉक्टरकडे गेली नाहीस.

काल स्टूल घेऊन पत्रिका काढली. तीनदा मांडून पाहिली. जे झालं आहे ते तिच्यात दिसतं म्हटलं तर दिसतं, नाही म्हटलं तर नाही. मला काही सांगता येत नाही. तू विचारलंस तेव्हा मी पाहिली नाही, एवढंच मला नक्की सांगता येतं.

तू नको म्हणालीस म्हणून येत नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

ताई


९ ऑक्टोबर

ती. ताई,

ऑपरेशन सकाळी आठ ते संध्याकाळी पाच चाललं. ती जगली आहे. माणूस ओळखते, बोलते. गाठीचा मोठा भाग काढला, पण एक तुकडा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटला होता, तो काढता आला नाही. तो पुन्हा वाढणार. किती दिवसांत ते डॉक्टर सांगत नाहीत, वर्ष म्हणतात, दोन म्हणतात. डोळे दोन्ही गेले. उजवा गेलेलाच होता, डावा वाचेल असं वाटलं होतं.

तुमच्या तारखा डॉक्टरांनी लिहून घेतल्या. म्हणाले, इतकी नेमकी माहिती घरचे लोक कधी देत नाहीत. मग डोक्याचा फोटो पुन्हा उजेडात धरला. मी विचारलं तर म्हणाले की या वर्षी मार्चमध्ये आली असती तरी डावा डोळा राहिला असता, कदाचित. हे तुम्हाला लिहावं की नाही, याचा मी तीन दिवस विचार केला. तुम्ही तुमचं काही लपवलं नाहीत, म्हणून मीही लपवत नाही. डॉक्टरकडे जायचा दिवस मी ठरवला होता आणि मोडूही दिला, तेव्हा दोष द्यायला मी तुमच्याकडे बोट दाखवू शकत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं उशीखाली तुमची जूनची पुडी ठेवायला सांगितली. नर्सबाई म्हणाल्या की वॉर्डात वासाच्या वस्तू चालत नाहीत, दुसऱ्या रोग्यांना उलटी होते. मी म्हटलं, "हिला वास नाही, बाई." त्यांना वाटलं मी बायकोबद्दल बोलतो आहे. मी पुडी पुढे केली. त्यांनी हुंगून पाहिली आणि परत दिली. वॉर्डभर तेवढी एकच पुडी चालली.

तुमचा दुसरा कागद आला तेव्हाच मी तिला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला. दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. मग घडी घालून पुडीत ठेवायला सांगितला.

आपला,
(लिफ्टवाला)


२ डिसेंबर

ताई,

हे मी माझ्या हातानं लिहिते आहे. यांनी जाड पुठ्ठ्याला ओळींच्या खाचा पाडून दिल्या आहेत, त्यात पेन्सिल चालवते. अक्षर एकमेकांवर चढलं असेल तर अंदाजानं वाच. तुला अंदाजानं वाचायची सवय आहे, असं मला रागानं लिहायचं होतं. लिहिलंच बघ.

राग आहे, ताई. मी तो नाकारत नाही. तुझा कागद ऐकला तेव्हा वाटलं, ही बाई स्टुलावर चढली नाही. एवढ्यासाठी. मग दवाखान्यात पडून पडून पुष्कळ वेळ मिळाला. दिसत नाही, वास नाही, नुसता विचार. तेव्हा कळलं की मला डॉक्टरकडे जायचंच नव्हतं. तू पत्रिकेत काही आहे असं लिहिलं असतंस, तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. लपायला मला तुझं पत्र सापडलं. तेव्हा दोष अर्धा-अर्धा. माझा अर्धा मी घेतला आहे, तुझा अर्धा तू ठेव. तो मी माफ करते की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायला फार वेळ उरलेला नाही.

वास गेला तेव्हा सांगितलं का नाही, हे तू विचारलं नाहीस. तरी सांगते. बाबांची भांडी तुझ्याकडे, बाड तुझ्याकडे, धंदा तुझ्याकडे. माझ्याकडे त्यांचं नाक होतं. ते गेलं हे सांगितलं असतं तर आपल्या दोघींत मी कोण उरले असते? म्हणून दर ऋतूला पाण्यात मूठ टाकायचे, भांड्यावर वाकायचे आणि वाट बघायचे. काही यायचं नाही. मग जुनं वाक्य लिहायचे. ते जुनं वाक्य शेवटचं खरं होतं. सर्दीच्या त्या पत्रातलं. त्या दिवशी गुलाब खरंच आला होता, लांबून.

जूनच्या पुडीला वास नाही, हे तू लिहिलंस तेव्हा मला हसू आलं होतं. मला सगळ्याच पुड्या तशा होत्या. पण उशीखाली ती कुरकुरते. कूस बदलली की आवाज येतो आणि कळतं की आहे. नवी करशील तेव्हा माझ्यासाठी चोथाच भर. अर्क गिऱ्हाइकांना दे. आणि त्या छापील चिठ्ठ्या जाळून टाक, त्या सोन्यासारख्या वर्षांसकट.

तू येऊ नकोस असं मी म्हणाले होते. मला तेव्हा एकाच गोष्टीची भीती वाटायची. तू दारात येशील, गुलाबाच्या केसांनी, आणि मला पत्ता लागणार नाही. सगळ्या जगाचा वास गेला ते मी सोसलं, पण तू लपून बसलीस आणि मी शोधू शकले नाही, हे मला सोसलं नसतं. अजून सोसत नाही. तरी ये. यांनी सांगितलं, तुझी पिशवी सप्टेंबरपासून दाराशी आहे. पुढच्या ऋतूची वाट बघू नकोस.

फक्त एक कर. दारात न बोलता उभी राहून मला बघत बसू नकोस. आलीस की बोल, काहीही बोल, नाहीतर मला कळणार नाही.

खारू